खंगर, वज्री आणि बधिर टाच

मागच्या पोस्टखाली दोघातिघांनी विचारलं होतं, "तुझा थीसिस नेमका कशावर आहे?" विदर्भातल्या कुष्ठसेवेचा इतिहास, असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. म्हणून आज दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो. तुमच्या पायापासून.

चप्पल काढा आणि टाच बघा. कडेला पिवळसर, जाड, राकट कातडी असेल. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली एखादा घट्टा असेल. हा घट्टा घरच्या घरी कसा काढायचा, ब्लेड लावायचं की दगड, गरम पाण्यात पाय किती वेळ ठेवायचे, हे प्रश्न फारच घरगुती वाटतात. पण त्यांची आज जी उत्तरं आहेत त्यातला मोठा भाग कुष्ठरोग्यांच्या पायांवरून शिकलेला आहे. तो कसा, ते सांगतो.

माझं गाव वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. मुंबई-कोलकाता हायवेवरचं, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधलं. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान तुम्ही येता-जाता पाहिला असेल, त्याच्या अलीकडचं. जमीन काळी, कपाशीची. एप्रिल-मेमध्ये ती अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. आमच्याकडे जमिनीच्या आणि टाचेच्या भेगेला शब्द एकच आहे, आणि त्याबद्दल कोणाला विशेष काही वाटत नाही. शेगावला पायी जाणाऱ्या दिंड्या याच रस्त्यानं जातात. त्यातले काही अनवाणी असतात. लहानपणी त्यांना पाणी द्यायला उभं राहिलो की चेहऱ्यांआधी पाय दिसायचे.

आमच्या न्हाणीत एक खंगर असायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वीटभट्टीत जास्त जळून काळीनिळी, जाळीदार झालेली वीट म्हणजे खंगर. बांधकामाला ती कामाची नाही, पाय घासायला मात्र एक नंबर. हिंदीत तिलाच झाँवा म्हणतात. मी शाळेत असताना एकदा खूप जोर लावून टाच घासत होतो, तर आजी ओरडली, "काहून इतकं घासतं रे? ते कातडं म्हंजे देवानं देल्ली चप्पल हाय. समदी काढू नोको."

हे वाक्य पुढे मला फार वेळा आठवलं. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये निकोलस होलोव्का, डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. केनियातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांचे पाय त्यांनी तपासले. कोणी बहुतेक वेळ अनवाणी चालणारे, कोणी बूट घालणारे. अनवाणी चालणाऱ्यांची तळपायाची कातडी अर्थातच जाड होती. पण कातडी जाड झाल्यामुळे जमिनीची जाणीव कमी होते का? तर नाही. घट्टा टणक असतो, त्यामुळे खालचा दाब आतल्या मज्जातंतूंपर्यंत पोचतो. जाणीव खातो तो बुटाचा मऊ सोल. थोडक्यात, अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला निरोगी, सपाट घट्टा हा रोग नाहीच. आजीनं 'नेचर' वाचलं नव्हतं हे सांगायला नको.

मग पाय घासायचेच कशाला? कारण कातडी वाढली की ती कोरडी होते, लवचिकपणा जातो, आणि टाचेवर वजन पडून ती पसरली की फाटते. भेग खोल गेली की रक्त येतं, माती जाते. म्हणून थोडी काढायची, थोडी ठेवायची. हे माणसाला फार पूर्वीच कळलेलं आहे. दख्खनमधल्या सातवाहनकालीन वसाहतींचे उत्खनन अहवाल चाळलेत तर मण्यांच्या आणि बांगड्यांच्या याद्यांनंतर कुठेतरी 'स्किन रबर' अशी नोंद भेटते. भाजलेल्या मातीचा, खरबरीत किंवा रेघा ओढलेला तुकडा. त्यावर कोणी शोधनिबंध लिहीत नाही, फोटो छापतात आणि पुढे जातात. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यातच, संग्रामपूर तालुक्यात, भोनला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी विटांचा प्राचीन स्तूप उकरून काढला. आता हा माझा अंदाज समजा, पुरावा नव्हे: जिथे विटा भाजल्या गेल्या तिथे खंगरही निघाला असणार, आणि जिथे खंगर निघाला तिथे कोणीतरी त्यावर टाच घासलीच असणार.

श्रीमंतांच्या घरी हाच तुकडा पितळेचा झाला. ती वज्री. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर जरूर बघा. पक्ष्या-प्राण्यांच्या आकाराच्या मुठी, पोटात खडे घातलेले, घासताना खुळखुळ वाजणाऱ्या. पाय घासण्यासारख्या कामाला एवढा थाट! (संग्रहालयात लोक अडकित्त्यांसमोर थांबतात, वज्रीसमोर नाही, हे माझं निरीक्षण आहे.)

वैद्यकाच्या ग्रंथांत याची दुसरी बाजू दिसते. सुश्रुतसंहितेत 'क्षुद्ररोग' म्हणून जे किरकोळ आजार गोळा केले आहेत त्यात दोन पायाचे आहेत. एक पाददारी, म्हणजे आपल्या टाचेच्या भेगा, फार चालणाऱ्याच्या रूक्ष पायांना होणाऱ्या. दुसरा कदर, म्हणजे कुरूप. खडा किंवा काटा लागून झालेली, आत खिळ्यासारखी रुतलेली गाठ. (आज आपण कोणाची 'कदर' करतो तो शब्द अरबीतून आलेला, वेगळा.) भेगांवर उपाय म्हणून शेक, तेल आणि मग मेण, चरबी, तूप, राळ असं घालून केलेला लेप सांगितला आहे. आता तुमच्या घरातलं औषध आठवा. मेण-खोबरेल? राळेचं मलम? कोकणातले असाल तर भिरंडेल? तत्त्व तेच आहे: ओल आत ठेवायची, भेग बुजवायची. कदरावर मात्र सुश्रुत मऊपणा दाखवत नाही. ती उपटून काढून जागा तापलेल्या तेलानं डागा, असं सांगतो. हे काम शल्यवैद्याचं होतं. प्रत्यक्षात गावोगावी पायाला पातं लावणारा माणूस बहुतेकदा न्हावी असायचा. नराणीनं नखं काढता काढता घट्टाही तासून द्यायचा.

म्हणजे बघा, साधनांचे दोन घराणे आहेत. घासणारं आणि कापणारं. तिसरं, जाळणारं, कारखान्यातून आलं. जर्मनीत १८७४ पासून सॅलिसिलिक अ‍ॅसिड स्वस्तात बनू लागलं आणि हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सन उन्ना या त्वचारोगतज्ज्ञानं ते जाड कातडी सैल करायला वापरलं. १८८० च्या दशकात बायर्सडॉर्फ या औषधविक्रेत्याबरोबर त्यानं औषधी पट्ट्या तयार केल्या. मेडिकलमध्ये आज जी 'कॉर्न कॅप' मिळते ती याच वंशातली. तिच्यात सहसा ४० टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. ते मेलेली कातडी आणि जिवंत कातडी असा भेदभाव करत नाही. जिवंत कातडीवर गेलं की झोंबतं, आणि झोंबलं की आपण पट्टी काढून टाकतो.

पण झोंबलंच नाही तर?

इथून माझा थीसिस सुरू होतो.

१९३६ साली मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम काढलं. १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करू लागले. तो फोटो तुम्ही पाहिलेला असतो. पुढे अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठ संस्था, त्याच सुमारास वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचं आनंदवन. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचं रुग्णालय होतंच. आमच्या भागातून 'तिकडे' पाठवलेली माणसं यातल्याच कुठल्या तरी ठिकाणी जायची. या सगळ्या कथा आपल्याला त्यागाच्या, सेवेच्या म्हणून माहीत आहेत, आणि त्या आहेतच. मला त्यात पाय शोधायचे होते. कारण कुष्ठरोग्याला घरातून काढण्याचं मोठं कारण जंतू नव्हता, जंतू दिसत नाही. कारण होतं तळपायाची न भरणारी, वास मारणारी जखम.

लोक समजायचे की रोगानं मांस सडतं. डॉक्टरसुद्धा तसंच समजायचे. हे मोडून काढणाऱ्यांतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे पॉल ब्रँड. जन्म १९१४, तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन. त्यांनी बघितलं की रुग्णाच्या हातापायाचं मांस इतर कोणाच्याही मांसासारखंच भरून येतं. भरू दिलं तर. पण दुखत नाही म्हणून रुग्ण जखमेवरच चालत राहतो. रात्रीत बोटं कमी झालेली सापडायची त्याचा छडा लावला तर उंदीर कुरतडून जात होते, आणि झोपलेल्याला कळत नव्हतं. त्यावर उपाय म्हणून मांजरी पाळायला दिल्या. रोग बोटं खात नव्हता. रोग फक्त वेदना काढून घेत होता, बाकीचं काम जगणं करत होतं.

ब्रँडची एक गोष्ट मला फार आवडते. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये लांबच्या प्रवासानंतर रात्री मोजे काढताना त्यांच्या लक्षात आलं की एका टाचेला काही जाणवतच नाही. टाचणी टोचली. काही नाही. अजून खोल टोचली, रक्त आलं, दुखलं नाही. रात्रभर ते पडून राहिले, आपल्याला कुष्ठरोग झाला, आता बायकामुलांपासून दूर राहायचं असा हिशेब करत. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि कळ डोक्यात गेली. आदल्या दिवशी गाडीत अवघडून बसल्यानं शीर दबली होती, एवढंच. त्यानंतर वेदनेबद्दल ते कृतज्ञतेनंच बोलत.

आता घट्ट्याकडे या. बधिर पायाला घट्टा पडला की तो चप्पल राहत नाही, खडा होतो. तुमच्या-माझ्या पायाला तो टोचला तर आपण नकळत पाऊल जरा तिरकं टाकतो. बधिर पाय त्याच जागी हजारदा आपटतो. घट्ट्याखाली रक्त साकळतं, बाहेरून काळपट ठिपका दिसतो, आत पोकळी होते आणि एक दिवस वरचं झाकण फुटतं. म्हणून घट्टा काढणं हे कुष्ठसेवेत सौंदर्याचं काम नव्हतं. पाय वाचवायचं होतं.

आणि ते रोज करायचं, म्हणजे डॉक्टरनं नाही, रुग्णानं, घरी, पैसे न लागता. त्यातून जी पद्धत बसली तिला आपल्याकडचे कुष्ठ कार्यकर्ते 'जल-तेल उपचार' म्हणतात. साध्या पाण्यात वीस-तीस मिनिटं पाय बुडवायचे. फुगलेली कातडी खरबरीत दगडानं हलक्या हातानं घासायची. पाय पूर्ण न पुसता ओलसर असतानाच तेल लावायचं, म्हणजे पाणी आत अडकतं. पातं नाही, अ‍ॅसिड नाही. मग रोज तळपाय बघायचा, वाकता येत नसेल तर आरशात, किंवा घरातल्या कोणाला तरी दाखवायचा.

पहिल्यांदा ही पद्धत वाचली तेव्हा मी हसलो. हे तर आमच्या न्हाणीतलं! खंगर आणि खोबरेल. मग कोणी कोणाला शिकवलं? संस्थांच्या अहवालांत पद्धत 'रुग्णांना शिकवली' असं येतं. ज्या माणसानं दवाखान्यात येण्याआधी वीस वर्षं आपले पाय खंगरानं घासले होते, त्याचं नाव त्यात नाही. माझे गाईड म्हणतात की इथे जास्त दावा करू नकोस. बरोबर आहे. दावा करत नाही, पण प्रश्न चॅप्टर तीनमध्ये राहणार आहे.

दुसरा भाग चपलेचा. वेल्लोरच्या आसपास ब्रँड आणि सहकाऱ्यांनी चांभार, रबर कारखानदार यांना हाताशी धरून मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल बसवली. मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे एमसीआर. वर मऊ, खाली काटा न घुसणारा कडक थर, खिळा एकही नाही. याआधी १९३९ मध्येच जोसेफ खान यांनी भारतात अशा जखमांवर प्लास्टर घालून रुग्णाला चालतं ठेवायचा उपाय छापला होता. ब्रँड १९६० च्या दशकात अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात गेले आणि हे सगळं सोबत गेलं. तिथे मधुमेहाचे पाय बघितले तर चित्र तेच: मज्जातंतू मेलेले, दुखत नाही, घट्टा, जखम. कुष्ठरोग्यांसाठी घडलेली साधनं एकेक करून मधुमेहाकडे गेली. डॉक्टर तळपायाला जो बारीक नायलॉनचा धागा टोचून "कळतंय का?" विचारतात, त्यातली १० ग्रॅमची मर्यादा बर्क आणि सिम्स यांनी कार्व्हिललाच दोन्ही रोगांच्या रुग्णांवर पाहून १९८६ मध्ये मांडली, आणि छापली 'लेप्रसी रिव्ह्यू'मध्ये. १९९२ मधल्या एका अभ्यासात मधुमेहींचा घट्टा काढल्यावर त्या जागेवरचा दाब सुमारे २६ टक्क्यांनी उतरला. खडा काढल्यासारखाच.

हे सगळं मी वाचत होतो त्याच वर्षी आमच्या काकांनी एका संध्याकाळी ओट्यावर बसून अर्ध्या ब्लेडनं अंगठ्याखालचा घट्टा तासला. पंधरा वर्षांची शुगर. दुखलं नाही, म्हणून तासत गेले. सकाळी काकूला चादरीवर रक्त दिसलं. पुढचं लांबवत नाही: पाच महिने ड्रेसिंग, आणि शेवटी अंगठा काढला. मी फोनवर "काका, आधी विचारायचं तरी" म्हणालो तर म्हणाले, "अरे बापा, यात काय विचारायचं? घट्टाच त होता." आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. ब्लेडची पाकिटं त्याहून जास्त असतील.

म्हणून सरळ सांगतो. तुमच्या पायाला स्पर्श नीट कळत असेल, शुगर नसेल, तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा. खंगर, वज्री, प्यूमिस जे असेल त्यानं हलकं घासा, थोडी जाडी राहू द्या, ओलसर पायाला तेल किंवा व्हॅसलीन लावा. बोटांच्या बेचक्यात मात्र नाही, तिथे कोरडंच हवं. एका बैठकीत संपवायची घाई नको, आठवडाभर थोडं थोडं करा. दगड प्रत्येकाचा वेगळा ठेवा, नाहीतर नखांची बुरशी अख्ख्या घराला वाटली जाते. ब्लेड कोणीच लावू नका.

शुगर असेल, किंवा पाय बधिर, मुंग्या येणारे असतील, तर गोष्ट बदलते. इथे इतिहासात एक गंमतशीर पेच आहे. कुष्ठसेवा म्हणते रोज पाय भिजवा. मधुमेहाचे आजचे सल्ले म्हणतात पाय फार वेळ भिजवू नका. दोघांचीही कारणं खरी आहेत. कुष्ठात पायाचा घाम थांबून कातडी वाळवंट होते, तिला पाणी हवंच. मधुमेहात रक्तपुरवठाही कमी असू शकतो, भिजून भुसभुशीत झालेली कातडी फाटते, आणि बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही. पोळलेल्या पायांच्या केसेस याच टबातून येतात. पाणी ३७ अंशांच्या खाली हवं, आणि ते दुसऱ्यानं हात घालून बघायचं. कॉर्न कॅप अजिबात नाही. घट्टा काढायचा तो पाय बघणाऱ्या डॉक्टरकडून. काळा ठिपका दिसला तर उद्याची वाट बघू नका. अनवाणी चालणं घरातही बंद. शेगावचा नवस असेल तर महाराजांना सांगा, ते समजून घेतील.

एमसीआर चपलांचं काय झालं ते राहिलं. कुष्ठरोग्यांना त्या मिळाल्या, आजही सरकारी कार्यक्रमातून मिळतात. पण त्या ओळखू यायच्या. तो ठरावीक सोल, तो ठरावीक पट्टा बाजारात दिसला की लोकांना कळायचं हा कोण. म्हणून पाय वाचवणारी चप्पल रुग्ण पिशवीत ठेवायचे आणि गावात साध्या चपलेनं किंवा अनवाणी फिरायचे. कार्यकर्त्यांनी मग वेगवेगळे रंग, वेगवेगळे पट्टे करून पाहिले.

गेल्या दिवाळीत काका नवी चप्पल घालून आले. मेडिकलवाल्यानं दिलेली, 'डायबेटिक चप्पल' असं लिहिलेल्या खोक्यातली. मी उचलून सोल दाबून बघितला. एमसीआर. ती कुठून आली ते मी त्यांना सांगायला लागलो, तर काकूनं मला डोळ्यांनी गप्प केलं. काका तीच घालून स्टँडवर चहाला गेले. तिथे कोणी वळून पाहिलं नाही.